जुना स्मार्टफोन भंगारात देण्यापूर्वी

आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात पाहा, टीव्हीच्या खणात नाहीतर कपाटावरच्या डब्यात एखादा जुना स्मार्टफोन पडलेला असतोच. हप्त्यावर घेतलेला. हप्ते फिटले आणि फोन हँग व्हायला लागला. मग घरच्या मुलाला नवा फोन येतो आणि हा जुना मुलीच्या हाती जातो. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांतूनही ही रीत अजून गेलेली नाही, हे जाता जाता नमूद करणे भाग आहे. त्या फोनवर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू पाहते, तर पान उघडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वरील फोनांना रजा दिली. क्रोमच्या नव्या आवृत्त्या तर २०२३ च्या अखेरीपासूनच अँड्रॉइड ७ वर येणे बंद झाले. आपण म्हणतो, फोन खराब झाला, भंगारात द्या.

फोन खराब झालेला नसतो. काच, कॅमेरा, आतली चिप, सगळे शाबूत असते. जुनी झालेली असते ती त्याच्या आतली कार्यप्रणाली. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये बसून सगळी कामे वाटून देणारा हा हेडक्लार्कच समजा. अँड्रॉइड ही अशीच प्रणाली. ती गूगलची असली तरी तिचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो जगाला खुला आहे. फोन बनवणारी कंपनी तो घेते, त्यात आपले रंगरूप आणि जाहिराती भरते आणि फोन विकते. दोनतीन वर्षांनी ती नव्या आवृत्त्या देणे थांबवते, कारण विकलेल्या फोनावर पुन्हा खर्च करण्यात तिचा फायदा नसतो. तिला नवा फोन विकायचा असतो.

मजकूर खुला असल्यामुळेच यावर उपाय निघाला. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक या अमेरिकन प्रोग्रामरने सायनोजेनमॉड नावाची प्रणाली सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक तिला येऊन मिळाले. पुढे तिची कंपनी झाली. आपल्याकडे मायक्रोमॅक्सने २०१४ च्या डिसेंबरमध्ये ८,९९९ रुपयांचा यू युरेका फोन आणला, त्यात हीच प्रणाली होती; काही वाचकांनी तो वापरलाही असेल. २०१६ च्या अखेरीस कंपनीने गाशा गुंडाळला. स्वयंसेवकांनी मात्र काम सोडले नाही. त्यांनी त्याच मजकुरातून लिनेजओएस उभी केली आणि ती आजही चालू आहे, फुकट आहे. मालक गेला तरी काम करणाऱ्यांनी गिरणी चालू ठेवली, असाच हा प्रकार.

उदाहरणादाखल शाओमीचा रेडमी नोट ४ घेऊ. जानेवारी २०१७ मध्ये तो भारतात आला, किंमत ९,९९९ पासून पुढे. आपल्या लोकांनी तो भरपूर घेतला. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ पर्यंत नेऊन सोडून दिले. लिनेजओएसने त्याच फोनवर पुढच्या कित्येक आवृत्त्या चालवून दाखवल्या. पण येथे एक मेख आहे. याच नावाचा दुसरा फोन चीनमध्ये विकला गेला आणि त्याची चिप वेगळी आहे. आपल्याकडच्या फोनात स्नॅपड्रॅगन ६२५, त्याचे सांकेतिक नाव मिडो. चिनी फोनात मीडियाटेक, त्याचे नाव निकेल. एकाची प्रणाली दुसऱ्यात घातली तर फोन सुरूच होणार नाही. सबब डब्यावरचे नाव पाहून काम करू नये, सांकेतिक नाव जुळवावे. लिनेजओएसच्या यादीत आपला फोन नसेल तर तो नाद सोडावा.

आता प्रत्यक्ष काम. फोन चालू करताना सर्वांत आधी उठतो तो बूटलोडर. हा दारावरचा पहारेकरी. कंपनीच्या शिक्क्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. त्याचे कुलूप काढायला कंपनीची परवानगी लागते. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करावे. शाओमीच्या फोनाला कंपनीचे खाते जोडून साधारण आठवडाभर थांबावे लागते आणि विंडोजचा संगणक लागतो. ओप्पो, विवोच्या बहुतेक फोनांना कंपनी ही किल्ली देतच नाही.

कुलूप उघडताच फोनातील सर्व काही पुसले जाते. सर्व म्हणजे सर्व. एका घरी असेच झाले. थोरल्या मुलाने उत्साहाने काम उरकले आणि मागील वर्षी वारलेल्या वडिलांचे फोटो गेले, त्यांच्या आवाजातील बुद्धवंदनाही गेली. ती माउली आता फोनला हातही लावत नाही. म्हणून आधी फोटो, नंबर, कागदपत्रे संगणकावर किंवा मेमरी कार्डावर उतरवावीत, कार्ड काढून बाजूला ठेवावे आणि उतरवलेले उघडते की नाही ते पाहूनच पुढे जावे.

त्यानंतर केबलने फोन संगणकाला जोडून लिनेजओएसची रिकव्हरी घालायची. आवाज वाढवण्याचे बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून तिच्यात शिरायचे, जुने पुसायचे आणि मूळ प्रणालीची फाइल चढवायची. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलचा वेगळा संच फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच चढवावा लागतो. नंतर सुचले तर पुन्हा पहिल्यापासून. सगळी तयारी असेल तर तासाभराचे काम.

फाइल कुठून घ्यावी, यावर मात्र मी हट्टी आहे. व्हिडिओत कोणी सांगितले, दुकानदाराने पेनड्राइव्हमधून दिली, म्हणून घेऊ नये. कालाम सुत्त मानणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अनोळखी फाइलमध्ये चोर बसलेला असू शकतो. लिनेजओएस आपल्या प्रत्येक फाइलबरोबर आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक खूण देते. उतरवलेल्या फाइलची खूण संगणकावर काढून तिच्याशी ताडावी. आम्ही कॉमर्सवाले खतावणीची बेरीज जुळवतो तसेच हे. एक अक्षर चुकले तरी फाइल टाकून द्यावी. काही दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारताना’ आयएमईआय क्रमांकही बदलून देतो म्हणतात. तो गुन्हा आहे, तिथून उठून यावे.

तोटेही सांगतो. पैशाची ॲप फोन कंपनीच्या शिक्क्याचा आहे का ते तपासतात. नसेल तर बँकेचे ॲप काय नि बाबासाहेबांच्या नावाची आठवण देणारे भीम ॲप काय, चालेलच असे नाही. शिवाय जिओचे जाळे फक्त ४जी आणि ५जी आहे. व्होएलटीई चालले नाही तर त्या सिमवर साधा फोनही लागत नाही. म्हणून घरात एकच फोन असेल, त्याच्यावर पगाराचे मेसेज आणि ओटीपी येत असतील, तर त्याला अजिबात हात लावू नये. पोरांनी कितीही हट्ट केला तरी. हा प्रयोग दुसऱ्या, पडून असलेल्या फोनावरच करावा. बॅटरी फुगून पाठचे झाकण उचलले गेले असेल तर आधी ती बदलावी, ती आग धरते.

फोन सुरू झाला की त्यावर पैशाचे व्यवहार ठेवू नयेत, अभ्यासाचे ठेवावे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड, जे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. ते एकदा मेमरी कार्डावर घेतले की नेट नसतानाही वाचता येतात. बारावीची मुलगी असेल तर तिच्या प्रश्नपत्रिका, व्याख्यानांचे व्हिडिओ त्याच कार्डावर बसतात.

वस्तीतील दोनचार मुलांनी मिळून, विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक संगणक मांडून हे काम करावे. एकट्याने घरी बसून करण्यापेक्षा ते बरे, कारण एकाचे अडले की दुसरा सोडवतो. येणाऱ्याने फोन पूर्ण चार्ज करून आणावा आणि फोनाबरोबरची मूळ केबल आणावी. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कित्येक नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाही.