चढत्या आवाजाचे गणित

हैदराबादच्या दर्ग्यांत रंगणारी कव्वाली आणि पॅरिसच्या ऑपेरागृहात 22 नोव्हेंबर 1928 रोजी प्रथम सादर झालेली मॉरिस रॅव्हेल यांची ‘बोलेरो’ ही वाद्यवृंदरचना यांच्या परंपरा सर्वस्वी वेगळ्या असल्या, तरी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत आवाज क्रमाने चढवत नेण्याची किमया दोहोंनी साधली आहे.

ही किमया वाटते तितकी सोपी नाही, कारण मानवी कान आवाजातील वाढ बेरजेने नव्हे, तर पटीने जोखतो. एकाच्या जोडीला तेवढ्याच जोराने गाणारा दुसरा गायक आला की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, परंतु डेसिबल या ध्वनिपातळीच्या एककात ही वाढ जेमतेम 3 भरते. आवाज दुप्पट मोठा वाटायला मात्र सुमारे 10 डेसिबलची, म्हणजे दहापट ऊर्जेची गरज असते. कव्वालांच्या पार्टीत बहुधा आठ-दहाच जण असल्याने सगळ्यांनी एकदम सूर लावला, तरी एकट्या गायकाच्या तुलनेत आवाज फार तर दुप्पट वाटेल.

मग उरलेला चढ येतो कुठून? 1971 मध्ये पद्मश्रीने गौरवलेले हैदराबादचे कव्वाल अजीज अहमद खान वारसी यांच्या घराण्याने जोपासलेल्या या गायकीत ‘तकरार’, म्हणजे एखादी ओळ किंवा तिचा तुकडा घोळवत राहणे, याला मोठे स्थान आहे. मुख्य गायकाने टाकलेली ओळ साथीदार उचलतात, ढोलकीची लय वाढते, टाळ्या भरतात आणि गळा तार सप्तकात शिरतो. सेकंदाला 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि टाळ्यांची, तसेच उंच सुरांतील उपस्वरांची, म्हणजे मूळ सुराबरोबर त्याच्या पटीत उमटणाऱ्या स्वरांची, बरीच ऊर्जा नेमकी याच पट्ट्यात असते.

रॅव्हेल यांनी मात्र लय जराही वाढू दिली नाही. स्नेअर ड्रमवर एकच ठेका 169 वेळा वाजतो, दोन धुना आलटून-पालटून येतात आणि बदलतो तो मुख्यतः वाद्यांचा रंग. एके ठिकाणी हॉर्नवरची धून दोन पिकोलो बासऱ्या तिप्पट आणि पाचपट कंपनसंख्येवर वाजवतात. हे स्वर हॉर्नच्याच उपस्वरांशी जुळत असल्याने कान त्यांना एकजीव करतो आणि वाद्यवृंदात नसलेलेच एखादे वाद्य ऐकू येते.

अशा संगीतात पुनरावृत्ती ही कल्पनेची उणीव ठरत नाही. धून ओळखीची झाल्यामुळेच बारीकसा बदलही कानाला जाणवतो. हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करणाऱ्या ध्वनिमुद्रणात हा चढ सपाट होतो, म्हणून वाचकांनी अशी रचना शक्यतो प्रत्यक्ष मैफलीत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी.