कोंडिविट्याचे छप्पर हरपलेले चर्च

मुंबईच्या अंधेरी उपनगरात, मरोळच्या अंगास, सीप्झ नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे, हे वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. जडजवाहीर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू येथे तयार होऊन परदेशी जातात. परंतु याच क्षेत्राच्या कुंपणाच्या आत, कारखान्यांच्या शेजारी, चारशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचे एक चर्च छपरावाचून उभे आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या कानी गेली नसावी. संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे हे चर्च जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी १५७९ साली उभारले आणि त्याच वर्षी या संताच्या सणास, म्हणजे २४ जूनला, ते उपासनेसाठी खुले झाले.

काळाची कल्पना यावी म्हणून सांगतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात याच पंथाचे पाद्री अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून फत्तेपूर शिक्रीकडे निघाले होते. शिवछत्रपतींच्या जन्मास अद्याप अर्धशतक अवकाश होता. मुंबईची सात बेटे आणि त्यांच्या उत्तरेचे साष्टी बेट पोर्तुगिजांकडे होते. अंधेरी, मरोळ, कोंडिविटे ही या साष्टीतील शेतीवर जगणारी गावे. (गोव्यातही एक साष्टी आहे; दोहोंची गल्लत होऊ नये.) धर्मांतराच्या त्या काळात प्रलोभन होते तशी सक्तीही होती. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यातच चर्च थाटण्यात आले, हा त्याचा पुरावा आजही पाहावयास मिळतो. तथापि पुढील दोन-अडीच शतकांत जे घडले ते निराळे आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी जिंकली, १७३९ मध्ये वसई घेतली आणि पोर्तुगीज सत्ता या भागातून उठली. तरी गावकरी आपल्या उपासनेस धरून राहिले, आणि चर्चची जबाबदारी एतद्देशीय पाद्र्यांच्या खांद्यावर आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रज साष्टीत आले. राज्ये तीन झाली, पण कोंडिविट्याची मंडळी जात होती ती एकाच दारातून. हीच मंडळी पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागली. घरातील त्यांची बोली मात्र मराठीच राहिली.

अशा चर्चची रचना समजून घेतली, म्हणजे पडक्या भिंतीही बोलू लागतात. जेझुइटांचा भर प्रवचनावर असे. त्यामुळे मध्ये खांबांची दाटी नसलेले एकच लांबरुंद दालन त्यांस सोयीचे वाटे, कारण शेवटच्या माणसासही वेदी दिसावी आणि शब्द ऐकू यावा. दगडाच्या जाड भिंती चुन्यात बांधलेल्या, त्यांवर चुन्याचा गिलावा, माथ्यावर लाकडी आढे आणि कौले. दर्शनी भिंत सर्वांत उंच व सजवलेली, कारण शेतातून येणाऱ्यास तीच प्रथम दिसावयाची.

येथून जवळच महाकालीची लेणी आहेत. कोंडिविट्याची लेणी ती हीच. तेथील बौद्ध भिक्षूंनी डोंगरच कोरला. स्तूपाभोवतीची गोल दगडी भिंत, तिची जाळीदार गवाक्षे आणि वरचे छत अशी सारी वास्तू एकाच कातळाची आहे, म्हणून ती दीड-दोन हजार वर्षे टिकली. चर्चचे तसे नव्हे. रचलेल्या इमारतीचे आयुष्य तिच्या छपराइतकेच. या भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कौले गेली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते, चुना धुपतो, पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी सांध्यात रुजते, आणि पुढले काम मुळे करतात.

परंतु छप्पर गेले कसे? तोफांनी नव्हे. १८४० साली गावात साथ आली आणि वस्ती उठली. माणसे जवळच्या मरोळला गेली, आणि जाताना त्यांनी चर्चही बरोबर नेले, असेच म्हणावयास हवे. वेद्या, खांब, मूर्ती, बाप्तिस्म्याचे कुंडसुद्धा मरोळच्या नव्या चर्चसाठी नेण्यात आले. संताचे नावही योहानच राहिले. मात्र तेथील योहान बाप्तिस्मा देणारा नव्हे, तर शुभवर्तमान लिहिणारा. मागे राहिल्या त्या वाहून नेता न येणाऱ्या भिंती.

पुढे १९७३ मध्ये सीप्झची स्थापना झाली आणि हे अवशेष कुंपणाच्या आत गेले. आत जावयाचे तर परवाना हवा. मरोळच्या परिसरातील ख्रिस्ती मंडळी वर्षातून एकदा परवानगी घेऊन येथे मिस्सा करीत आली आहेत. उघड्या आभाळाखाली, झाडांच्या सावलीत ती होते.

या चर्चचा जीर्णोद्धार व्हावा, अशी मागणी अधूनमधून होत असते. छप्पर घालून सारे नव्यासारखे करावे, हा विचार मोहक आहे खरा. पण आम्हांस तो तितकासा पटत नाही. जे खांब व वेद्या मरोळला गेल्या, त्यांच्या नकला येथे उभारून काय साधणार? अधिक निकडीचे काम साधे आहे आणि ते दर पावसाळ्याआधी करावयाचे आहे. भिंतींचे माथे चुन्याने बंद करणे, सुटलेले दगड जागी बसवणे, मुळे न ओढता कापून हळूहळू मारणे (मूळ ओढले की भिंतच सोबत येते), आणि सिमेंटचा हात कोठेही लागू न देणे. सिमेंट कठीण असते. ते आतील ओल कोंडून ठेवते आणि शेवटी शेजारचा जुना दगडच फोडते. हे काम जाणणारे गवंडी आता विरळ आहेत.

आपण कधी त्या बाजूस गेलात, तर प्रथम मरोळचे चर्च पाहा, मग महाकालीची लेणी. सीप्झमधील भिंती परवाना मिळाला तरच दिसतील, आणि पाहावयाच्या तर पावसाळ्यापूर्वी पाहाव्यात. कारण जूनमध्ये वेली इतक्या माजतात की दर्शनी कमानही हिरव्या पडद्याआड जाते.