काडतुसाचे पितळ आणि रायफलीचे चेंबर

रायफलीच्या काडतुसाचे कवच सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त अशा पितळाचे असते. बार उडताच वायूच्या दाबाने ते फुगते, आणि नळीच्या मुळाशी काडतूस बसते त्या पोकळीच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतीस चिकटून वायूची मागील वाट बंद करते. दाब ओसरल्यावर स्थितिस्थापकतेमुळे ते किंचित आकसते. म्हणूनच ते बाहेर काढता येते. उडालेले कवच अशा रीतीने त्या विशिष्ट चेंबरचा जवळजवळ हुबेहूब ठसा असते. अचूक नेमबाजीसाठी कवच हाताने पुन्हा भरावयाचे, तर हा ठसा अकारण मोडू नये, हे पहिले तत्त्व होय.

१९५२ साली प्रचारात आलेल्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाचे उदाहरण बोलके आहे. बोल्टच्या पृष्ठापासून चेंबरच्या खांद्यावरील १०.१६ मिमी. व्यासाच्या वर्तुळापर्यंतच्या अंतरास हेडस्पेस म्हणतात. अमेरिकन मानकानुसार ते ४१.४० ते ४१.६६ मिमी. असू शकते, काडतुसाचे तेच माप ४१.३३ ते ४१.५० मिमी. असते. म्हणजे दोन्ही निर्दोष असूनही त्यांच्यात ०.३३ मिमी.पर्यंत फट राहू शकते.

नवे कवच ही फट एकदा सहन करते. परंतु साच्यात दाबताना खांदा दर वेळी तितकाच मागे रेटला, तर प्रत्येक बारास कवचाचा पुढील पातळ भाग भिंतीस धरून राहतो, बूड मागे सरकते आणि बुडाच्या लगत वरची भिंत ताणली जाते. तेथे आतून खाच पडते, बाहेर चकचकीत कडे उमटते व अखेरीस कवच दुभंगते. मग तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. म्हणून बोल्टच्या रायफलीसाठी उडालेले कवच मोजून खांदा केवळ ०.०२५ ते ०.०५ मिमी. मागे नेतात.

वारंवार फुगल्याने व दाबल्याने गळ्याचे पितळ कठीण होते, गोळीवरील पकड विषम होते आणि शेवटी गळ्यास तडे जातात. अनुशीतनाने गळा व खांदा पुन्हा मऊ करता येतात. बूड मात्र तापू देता कामा नये. दाब पेलण्याची त्याची शक्ती त्याच्या कठीणपणातच असते.

पितळात कोंडलेले प्रतिबल किती घातक ठरते, याचा धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांत साठविलेली काडतुसे न उडविताच तडकत. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी धातूत राहिलेले प्रतिबल यांचा हा संयुक्त परिणाम होता. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी या विकाराचे स्पष्टीकरण केले. सौम्य उष्णतेने प्रतिबल घालविणे हाच त्यावरील उपाय ठरला. कवच भरणाऱ्यास आजही हे दोन्ही हिशेब ठेवावे लागतात: एक मापाचा, दुसरा धातूने सोसलेल्या ताणाचा.