अतिधोकादायक कारखान्यांवरील आकाश आणि ड्रोन

ड्रोन हे यंत्र महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या परिचयाचे झाले ते गावठाणाच्या मोजणीच्या निमित्ताने. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे राज्यातील प्रायोगिक मोजणी झाली आणि केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेने २०२० पासून हे काम देशभर नेले. आता पिकांवरील फवारणीसाठी, धरणांच्या आणि रस्त्यांच्या पाहणीसाठी, इतकेच नव्हे तर लग्नसमारंभांच्या चित्रीकरणासाठीही ड्रोन सर्रास वापरले जातात. यंत्र इतके सुलभ झाले की ते कोठे उडवू नये याचा विचार मागे पडतो. गावाच्या शिवेला लागून रासायनिक कारखाने, इंधनाच्या टाक्या किंवा स्फोटकांची गोदामे असतील, तर हा विचार मागे पडू देणे परवडणारे नाही.

या बाबतीत जी गैरसमजूत वरचेवर आढळते, तिचा उलगडा प्रथम केला पाहिजे. 'सरकारी नकाशावर जागा हिरवी आहे, म्हणजे तेथे उडवायला हरकत नाही', असे पुष्कळांना वाटते. हे अर्धसत्य आहे.

आकाशाचा कायदा

देशाच्या आकाशाचे नियमन हा केंद्र शासनाचा विषय आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी आकाशाची विभागणी हरित, पिवळे आणि लाल अशा तीन क्षेत्रांत केली. लाल क्षेत्रात केंद्र शासनाच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेची अनुमती लागते. हरित क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, अशा पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. मात्र विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. कोणती जागा कोणत्या क्षेत्रात मोडते हे 'डिजिटल स्काय' या संगणकीय मंचावरील नकाशात दाखविलेले असते आणि उड्डाणापूर्वी प्रत्येक वेळी तो पाहणे चालकावर बंधनकारक आहे. आज पाहिलेला नकाशा उद्या तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

वजनानुसारही भेद केलेला आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो' आणि २५ किलोपर्यंतचा 'लघु' गणला जातो. नॅनो ड्रोन आणि बिगरव्यापारी कामासाठी वापरलेला मायक्रो ड्रोन वगळता दूरचालकाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. नियमांचा भंग झाल्यास एक लाख रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

तारापूरचे अणुवीज केंद्र किंवा आयुध निर्माणी यांसारख्या स्थळांविषयी सामान्य माणसाच्या मनात सहसा संदेह नसतो. प्रश्न उद्भवतो तो लोटे परशुराम, महाड, पाताळगंगा, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींबाबत. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, एखाद्या कारखान्यात घातक रसायनांचा साठा आहे एवढ्याच कारणाने त्यावरील आकाश आपोआप लाल ठरत नाही. हा नकाशा मुख्यतः विमानांची वाहतूक आणि राष्ट्राची सुरक्षितता डोळ्यांसमोर ठेवून आखला जातो. कुंपणाआड कोणता वायू साठवला आहे, कोणत्या टाकीचे झाकण तरंगते आहे, आज कोठे गळती आहे, हे त्या नकाशाला ठाऊक नसते.

म्हणूनच नियमांत आणखी एक सर्वसाधारण बंधन घातलेले आहे. कोणत्याही व्यक्तीच्या किंवा मालमत्तेच्या सुरक्षिततेस धोका पोहोचेल अशा रीतीने ड्रोन चालविता येत नाही. हे बंधन हरित क्षेत्रातही तितकेच लागू असते. शिवाय हयगयीने मानवी जीवित धोक्यात आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली अपराध आहे, मग ते कृत्य जमिनीवरून केलेले असो वा आकाशातून.

धोका नेमका कशाचा?

दोन किलो वजनाचा ड्रोन १२० मीटर उंचीवरून कोसळला, तर हवेचा विरोध वगळता तो ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने खाली येतो. त्या आघाताची ऊर्जा सुमारे २,३०० ज्यूल भरते. माणसाच्या माथ्यावर तो काय करील हे सांगावयास नको. जाड पोलादी टाकीला मात्र त्याने सहसा भोक पडणार नाही. काचेचे मापक, बारीक नळी, विजेची तार किंवा वातविमोचक झडप यांची गोष्ट वेगळी आहे.

परंतु आघातापेक्षा ठिणगीचे भय मोठे. पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात हवेत मिसळलेली असेल, तर ती पेटण्यास एक ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर ज्यूलचा सुमारे पन्नास हजारावा भाग पुरे होतो. लोकरीचा सदरा अंगातून काढताना होणाऱ्या चटचटीएवढीही ही ऊर्जा नव्हे. अशा ठिकाणी कारखान्यात बसविलेला साधा विजेचा दिवादेखील ज्वालारोधक बनावटीचा असावा लागतो. ज्वालाग्राही वाफ कोठे नित्य असते, कोठे अधूनमधून असते आणि कोठे केवळ बिघाड झाल्यावर येते, यावरून जागेचे ०, १ आणि २ असे विभाग पाडले जातात. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार अशा जागी वापरावयाच्या विद्युत उपकरणांस मान्यता लागते आणि ते काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

बाजारात मिळणारा सर्वसाधारण ड्रोन या कसोटीस उतरत नाही. त्याची मोटर, गती नियंत्रित करणारे विद्युत मंडल आणि जोडण्या ही सारी उघड्या हवेत असतात. त्याची लिथियमची विद्युत घटमाला आपटून फुटली तर ती आतल्या आत तापत जाऊन पेट घेते, आणि विझली असे वाटल्यावर पुन्हा पेटते. पोलादी सांगाड्यांच्या दाटीत होकायंत्र आणि उपग्रहाचे संकेत चुकण्याचा संभव असतो, तर ज्वालास्तंभावरील तप्त हवेचा झोत यंत्राचा तोल घालवू शकतो. अनुभवी चालकाच्या हातूनही येथे ड्रोन पडू शकतो, हे धरूनच चालले पाहिजे.

कुंपणाबाहेर उडविले म्हणजे झाले, असेही नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळील सीतापुरा येथे इंडियन ऑइलच्या साठवण केंद्रात पेट्रोलची मोठी गळती झाली. सुमारे सव्वा तास वाफेचा ढग आवारात पसरत गेला आणि मग भीषण स्फोट झाला. अकरा माणसे दगावली. आग अकरा दिवस धुमसत होती. ठिणगी कोठून पडली याबाबत चौकशी समितीला शक्यताच नोंदवाव्या लागल्या: कार्यालयाच्या बाजूचे एखादे ज्वालारोधक नसलेले विद्युत उपकरण किंवा सुरू केलेले एखादे वाहन. त्या प्रसंगात ड्रोनचा संबंध नव्हता. पण गळतीच्या वेळी धोक्याची सीमारेषा आपली जागा सोडून कशी पुढे सरकते, हे त्यावरून कळून येते. जेथे दुपारी ड्रोन उडविणे निर्धोक होते, तेथेच तो संध्याकाळी आगीचे निमित्त ठरू शकतो.

हेतुपुरस्सर केलेल्या हल्ल्यांचा प्रकार याहून निराळा आहे. सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलप्रकल्पावर १४ सप्टेंबर २०१९ रोजी आणि जम्मूच्या हवाई दल तळावर २७ जून २०२१ रोजी असे हल्ले झाले. ते सुरक्षा दलांचे क्षेत्र आहे.

कारखाना, गाव आणि कॅमेरा

कारखान्यांनी ड्रोन वापरूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. उंच धुराड्याची पाहणी करण्यासाठी माणसाला परांचीवर चढविण्यापेक्षा यंत्र पाठविणे केव्हाही श्रेयस्कर. अट इतकीच की, ड्रोनला पेटत्या ज्योतीसमान समजून कामाचा लेखी परवाना द्यावा, वायुमापकाने हवा तपासावी, वाऱ्याची दिशा पाहावी आणि टाकी भरणे वा रिकामी करणे चालू असताना उड्डाण टाळावे. बाहेरच्या छायाचित्रकाराला वर्धापनदिनाच्या चित्रफितीसाठी बोलावताना नेमका याच अटीचा विसर पडतो.

परका ड्रोन आवारावर दिसला तर व्यवस्थापनाने काय करावे? तो पाडू नये. तो पाडणे म्हणजे जी वस्तू आवारात पडू नये ती आपल्या हाताने पाडणे होय. संदेशलहरी रोखणारे जॅमर बसविण्याचा अधिकारही खाजगी कारखान्याला शासनाच्या परवानगीवाचून नाही. वेळ, दिशा आणि शक्य तर छायाचित्र नोंदवून पोलिसांना तात्काळ कळविणे आणि ज्वालाग्राही द्रव्याची हाताळणी थांबविणे, हाच मार्ग आहे.

आता दुसरी बाजू. कारखान्याचे सांडपाणी खाडीत सोडले जाते, रात्री धूर येतो, अशी गावाची तक्रार असते आणि पुरावा मिळावा म्हणून तरुण मंडळी ड्रोन आणतात. ही तक्रार पुष्कळदा खरी असते, आणि तिला 'बेकायदा उड्डाण' एवढे म्हणून वाटेला लावणे न्याय्य होणार नाही. परंतु नाल्याचे मुख कुंपणाबाहेर असते. हरित क्षेत्रात, प्रमाणपत्रधारक चालकाकरवी, खाडीवर अथवा सार्वजनिक जागेवर राहून, कारखान्याच्या माथ्यावर न जाता त्याचे चित्रीकरण होऊ शकते. ते चित्रण न्यायालयात दाखवावयाचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र पाण्याच्या नमुन्याची जागा छायाचित्र घेऊ शकत नाही. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मधील रीतीने घेतलेल्या नमुन्याचेच पृथक्करण पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. तेव्हा चित्रण हाती येताच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला त्या जागी आणणे, हे ग्रामपंचायतीचे खरे काम.

दुर्घटनेच्या वेळी

कारखान्याला आग लागली की पहिल्या तासाभरात बघ्यांचे ड्रोन वर जातात. ९ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला अशाच एका हौशी ड्रोनची धडक बसली, पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर ठेवावे लागले. रासायनिक आगीत तर बचाव पथकाचा स्वतःचा ड्रोन ही मोलाची वस्तू असते. विषारी ढग कोठे सरकतो आहे ते त्यावरून दिसते, आणि कोणती वस्ती आधी हलवायची हे ठरते. त्या आकाशात दुसऱ्याची गर्दी नको.

यासाठी ड्रोन नियमांत एक उपयुक्त तरतूद आहे, तिची माहिती जिल्हा पातळीवर असावयास हवी. राज्य शासनास किंवा कायदा व सुव्यवस्था राखणाऱ्या यंत्रणेस तातडीच्या प्रसंगी विवक्षित जागेवर तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करता येते. एका वेळी त्याची मुदत ९६ तासांहून अधिक असत नाही, आणि ही घोषणा पोलीस अधीक्षकाच्या अथवा समकक्ष दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. पण अधीक्षकांना कळविणार कोण, किती अंतराचा घेर मागणार, बचाव पथकाचा ड्रोन कोणाच्या हाती देणार, हे आग लागल्यावर ठरवू म्हटले तर ठरत नाही.

१९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांप्रमाणे आवाराबाहेरील आपत्कालीन योजना तयार करावी लागते, आणि १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि त्याखाली स्थानिक संकट गट असतो. हे दोन्ही नियम ड्रोनच्या प्रसारापूर्वीचे आहेत. स्थानिक गटात सरपंच किंवा ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीला स्थान दिलेले आहे, आणि त्या गटाची बैठक दरमहा व्हावी अशी अपेक्षा आहे. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर वरील तीन प्रश्न मांडण्यास त्या प्रतिनिधीला कोणाच्याही अनुमतीची गरज नाही.