लातूरच्या घरात चाळीस लिटरचा समुद्र

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, लातूरला मांजरा आहे. समुद्र मात्र दोन्हीकडे नाही. तरीपण आमच्या लातूरच्या घरात समुद्राचा एक छोटासा तुकडा आहे. ४० लिटरची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, कृत्रिम खडक, थोडं शेवाळ, दोन-तीन गोगलगायी आणि हॅचरीत जन्मलेली क्लाऊनफिशची एक जोडी. अडचण एवढीच की टाकी लातूरला आणि मी नांदेडच्या हॉस्टेलवर. मासे काही आपल्या सबमिशनची वाट बघत नाहीत! म्हणून पाणी बदलायचं काम यंत्रावर सोपवलं. ते कसं, ते या लेखात सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या टाकीत जिवंत प्रवाळ नाहीत आणि ठेवायचेही नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडेसुद्धा घेतले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. प्रवाळ बघायचे तर मालवणला जाऊन पाण्यात डोकं घालावं, उचलून घरी आणू नयेत. क्लाऊनफिशचं मात्र हॅचरीत प्रजनन होतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्या देशात यशस्वी केलं आहे. मासा घेताना तो हॅचरीतलाच आहे ना, हे विचारूनच घ्यावा.

पाणी बदलायचंच कशाला?

मासा खातो, विष्ठा करतो. त्यातून अमोनिया तयार होतो. खडकावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी विषारी, पण ते साठत जातं. मोठ्या समुद्रात ते पसरून जातं, ४० लिटरमध्ये जाणार कुठं? म्हणून जुनं पाणी काढून नवं घालायचं.

आता गणित बघू. रोज ४०० मिली, म्हणजे १ टक्का पाणी बदललं तर महिन्यात ३० टक्के बदललं का? नाही! आज घातलेल्या नव्या पाण्यातलं थोडं उद्या जुन्यासोबत बाहेर जातं. ०.९९ चा तिसावा घात काढा, ०.७४ येतो. म्हणजे जुनं ७४ टक्के शिल्लक, बदललं फक्त २६ टक्के. एकदम बदललं असतं तर पूर्ण ३० टक्के. मग रोजच्या पद्धतीचा फायदा काय? फायदा स्थिरतेचा. एकदम १२ लिटर बदलताना तापमान, क्षारता सगळंच हलतं. ४०० मिली बदललं तर माशाला पत्ताही लागत नाही.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं. समजा टाकीत रोज लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. रोज १ टक्का पाणी बदललं तर पातळी वाढत वाढत ५० मिलिग्रॅमला जाऊन थांबेल, कारण ५० चा १ टक्का म्हणजेच अर्धा. खाद्य निम्मं केलं तर ती २५ ला थांबेल. तात्पर्य, पंपाच्या आधी खाद्याच्या डबीवर नियंत्रण पाहिजे. आईला मी चिमूट मोजून पुड्या करून दिल्या आहेत!

यंत्र कसं आहे?

मुख्य भाग पेरिस्टाल्टिक पंप. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त फिरवायला असतो तोच प्रकार. फिरणारे रोलर मऊ नळी दाबत दाबत पाणी पुढं ढकलतात. मोटार थांबली तरी नळी कुठंतरी दाबलेलीच राहते, त्यामुळे लाइट गेली तर सायफन होऊन टाकी जमिनीवर रिकामी होत नाही. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हा गुण लाखमोलाचा.

एकाच मोटारीवर दोन हेड बसवले. एक जुनं पाणी काढतं, दुसरं नवं घालतं. लाइट मध्येच गेली तर दोन्ही एकदम थांबतात, आली की एकदम सुरू होतात. अर्धवट काम राहत नाही. पंप मिनिटाला ४० मिली देतो, म्हणून दिवसातून चार वेळा अडीच-अडीच मिनिटं चालवला की ४०० मिली झाले. वेळ बघायला अर्डुइनोसोबत बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मोड्यूल आहे. साधा यांत्रिक टायमर लाइट गेली की मागं पडतो.

दोन हेड तंतोतंत सारखे नसतात, नळ्याही झिजतात. समजा रोज ४२० मिली बाहेर आणि ४०० मिली आत जातं. २० मिलीची तूट गोड पाणी घालणारी यंत्रणा भरून काढते आणि क्षारता उतरते. किती? लिटरमागे ३५ ग्रॅमवरून शेवटी ३३.३ ग्रॅमवर जाऊन थांबते. उलट चूक असेल तर ३६.८ च्या आसपास. म्हणजे चूक अमर्याद वाढत नाही आणि बदल व्हायला तीन महिन्यांच्या वर लागतात. घरी गेलो की रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघायची आणि मेजरिंग सिलिंडरने दोन्ही हेड मोजायचे, एवढं पुरतं.

बिघडलं तर?

व्हायव्हात विचारतात तसं स्वतःलाच विचारलं. मिठाच्या पाण्याचा कॅन संपला तर? काढणारं हेड चालूच राहील आणि जागी गोडं पाणी येईल. म्हणून कॅनच्या तळाशी फ्लोट स्विच. काढायची नळी तुंबली तर? टाकी भरून वाहील. म्हणून काठाजवळ दुसरा फ्लोट स्विच. दोन्ही स्विच प्रोग्रॅममधून नाही, थेट मोटारीच्या वायरमध्ये सिरीजमध्ये आहेत. प्रोग्रॅम अडकला, रिले चिकटला तरी मोटार बंद पडते. नव्या पाण्याचा कॅन १० लिटरचा, सांडपाण्याचा १५ लिटरचा, म्हणजे फरशीवर तळं नको. गोड्या पाण्याचं भांडं मुद्दाम फक्त ३ लिटरचं. सगळं एकदम सांडलं तरी क्षारता ३२.६ च्या खाली जात नाही. मासे तेवढं सोसतात.

उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. माशांना साधारण २५-२६ अंश पाहिजे. आपली हवा कोरडी असल्यामुळं टाकीवर छोटा पंखा लावला तरी कूलरसारखं काम होतं, मुंबईच्या दमट हवेत इतकं होत नाही. दिवसाला १ लिटर पाणी उडालं तर सुमारे २८ वॉट उष्णता सतत बाहेर जाते. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही! एका दिवसात क्षारता ३५ वरून ३५.९. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं, खारं नाही. भांडं दर तिसऱ्या दिवशी आई भरते.

आणि पाण्याचं काय?

रूममेट म्हणाला, "अरे, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं अन् तू खारं पाणी पाळायलास?" प्रश्न रास्त आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली 'जलदूत' १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. ज्यांनी कॅन घेऊन रांगा लावल्या त्यांच्यासमोर हिशोब मांडावाच लागेल.

तर हिशोब असा. महिन्याला बदलायला १२ लिटर, भर उन्हाळ्यात उडणारं ३० लिटर, एकूण ४२ लिटर आर.ओ.चं पाणी. एका लिटरमागं तीन लिटर नको असलेलं पाणी धरलं तर १२६ लिटर. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरतो, जे नाहीतरी लागलंच असतं. निव्वळ खर्च महिन्याला तीन बादल्यांच्या आत. टँकर सुरू झाले की पाणी बदलणं थांबवायचं, खाद्य निम्म्यावर आणायचं, फक्त उडालेलं भरायचं, हे घरी ठरलेलं आहे. माणसाच्या तहानेपुढं छंद मोठा नाही.

एक शेवटची सूचना. काढलेलं खारं पाणी झाडाला, बागेला घालू नका. महिन्याच्या १२ लिटरमध्ये ४२० ग्रॅम मीठ असतं आणि आपल्या काळ्या जमिनीला सोडियम सोसत नाही, माती चिकटून पाणी मुरायचं बंद होतं. ते गटारीतच सोडावं.

असो. कंट्रोल सिस्टीमच्या पेपरला जे 'स्टेडी स्टेट एरर' आपण रट्टा मारून लिहितो, ते लातूरच्या टाकीत डोळ्यांनी दिसतं. कुणाला सर्किट बघायचं असेल तर मेसच्या वेळेनंतर खोलीवर या. चहा तुमचा, माहिती माझी!