पंपावरचे पेट्रोल विमानाला चालेल?

काल्हेर, पूर्णा, माणकोली. भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामांची कमतरता नाही. उद्या एखाद्या हौशी माणसाने त्यातल्याच एका गोदामात छोटे विमान बांधायला घेतले, तर पंख, पंखा, इंजिन हे सगळे जमवता येईल. त्याचे खरे कोडे सुरू होईल ते जवळच्या महामार्गावरच्या पेट्रोल पंपापाशी. कारण तिथल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते.

घरी विमान बांधणे ही आपल्याकडे निव्वळ कल्पना राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिले, 2017 साली त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. भिवंडीवरून जाणारा महामार्गच नाशिकमार्गे धुळ्याला पोहोचतो.

पण मुळात विमानात मोटारीचे पेट्रोल भरायचेच कशाला? पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी ‘एव्हगॅस’ नावाचे वेगळे इंधन असते. भारताला ते 2022 पर्यंत आयात करावे लागे. त्या वर्षी इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. तरी ते कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही. शिवाय नेहमीच्या एव्हगॅसमध्ये शिसे असते. भारतात मोटारींचे पेट्रोल 2000 सालापासून शिसेमुक्त झाले, ते मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो म्हणूनच. त्यामुळे शिसे नसलेले, स्वस्त, हाताशी असलेले पेट्रोल वापरण्याचा मोह चुकीचा नाही. अनेक देशांत छोटी विमाने अशा पेट्रोलवर वर्षानुवर्षे उडत आली आहेत. मात्र ते बिनइथेनॉलचे असावे, अशी अट बहुतेक ठिकाणी असते.

ही अट मुख्यतः पाण्यामुळे आहे. पेट्रोल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. पाणी जड म्हणून तळाशी बसते. वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरतो. पाण्याचा थेंब खाली दिसला, तर ते काढून टाकतो. ही साधी तपासणी इथेनॉलमुळे फसवी ठरते. इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेते, त्यामुळे भांड्यातले इंधन स्वच्छ दिसते. 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण 15 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 5 मिलिलिटर पाणी असे लपवून ठेवू शकते. इथेनॉल वाढले की ही क्षमताही वाढते. कोकणपट्टीतल्या जुलैच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी आठवडाभर उभी राहिली, तर पाणी कुठून येते हे वेगळे सांगायला नको.

विमान वर गेले की हवा थंड होते, दर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या आसपास. थंड इंधनाची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. मर्यादा ओलांडली, की पाणी आणि बरेचसे इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी जातो. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घेता येते.

बरे, या पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल धुऊन काढले तर? हा जुगाड सुचणारे भेटतात. पाण्याबरोबर इथेनॉल खाली जाते हे खरे, पण पेट्रोलचा ऑक्टेन अंक राखण्यात त्याच इथेनॉलचा वाटा असतो. ते गेले, की उरलेले पेट्रोल कमी ऑक्टेनचे होते आणि चढाईच्या वेळी, इंजिनावर सर्वाधिक ताण असताना, ते ठोके देऊ लागते. मात्र परीक्षा म्हणून हीच युक्ती कामाची आहे. खुणा केलेल्या काचनळीत थोडे पाणी, त्यावर पेट्रोल घालून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. पाण्याची पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. हे अर्थातच ठिणगी आणि ज्योतीपासून लांब करायचे.

दुसरा हिशेब वेळेचा. इथेनॉलच्या लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. 20 टक्के मिश्रणात म्हणजे सुमारे साडेसहा टक्के घट. चार तास पुरेल म्हणून भरलेले इंधन पंधरा मिनिटे आधी संपते, आणि दिवसाच्या उड्डाणात राखीव ठेवायचे इंधन साधारण अर्ध्या तासाचेच असते.

इंजिन कंपन्यांची भूमिकाही एक नाही. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते, लायकमिंग कंपनीला अजिबात चालत नाही. पण इंजिनाला चालले म्हणजे टाकीला चालले असे नव्हे. फायबरच्या टाकीतले काही रेझिन, सांधे बुजवणारा लेप, जुन्या रबरी नळ्या यांना इथेनॉल मऊ करते किंवा फुगवते. कारखान्यातल्या विमानात ही तपासणी कंपनीने केलेली असते. घरगुती विमानात कंपनी म्हणजे बांधणारा स्वतः.

इथेनॉलवर विमान उडतच नाही, असे मात्र नाही. 1989 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक मॅक्स शॉक आणि ग्रात्सिया झनिन यांनी ‘व्हेलॉसिटी’ हे संच आणून जोडायचे विमान इथेनॉलवर उडवत अटलांटिक ओलांडला. ब्राझीलमध्ये शेतीवर फवारणी करणारे ‘इपानेमा’ विमान 2004 साली इथेनॉलसाठी प्रमाणित झाले आणि उसाच्या त्या देशात ते रोजच्या कामाचे यंत्र आहे. या विमानांत टाकीत इथेनॉल आहे हे आधीच ठाऊक होते आणि इंधनव्यवस्था त्याच हिशेबाने जुळवलेली होती.