करवंटीचा कोळसा आणि श्वासाची हवा

धूळ आणि वायू या दोहोंना आपण व्यवहारात ‘प्रदूषण’ या एकाच नावाने संबोधतो. परंतु त्यांना अडविण्याच्या रीती सर्वस्वी भिन्न आहेत. धुळीचा सूक्ष्म कण तंतूंच्या दाट थरात अडकतो. वायूचा रेणू त्याच्या शेकडो पटींनी लहान. तो त्या थरातून सहज निसटतो.

मग रेणूला धरावे कसे? याचे एक उत्तर आपल्या परसातील नारळाच्या करवंटीत आहे. करवंटीचा कोळसा करून त्यावर सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाची वाफ सोडली, की त्यात असंख्य अतिसूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा सक्रियित कोळशाच्या अवघ्या १ ग्रॅममध्ये सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे पृष्ठभाग सामावलेला असतो. छिद्रांच्या भिंतींच्या आकर्षणाने रेणू तेथेच खिळून राहतात. या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रियित कोळशाचा मुखवटा सिद्ध केला. आज हेच तत्त्व कारखान्यांत, वस्तुसंग्रहालयांत आणि घरगुती हवाशुद्धकांतही वापरले जाते.

तथापि प्रत्येक वायूवर कोळसा हा उपाय नव्हे. फॉर्माल्डिहाइडसारख्या वायूंसाठी पोटॅशियम परमँगनेट मुरविलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या वापरतात. त्या रेणूला केवळ धरीत नाहीत, तर त्याचे रासायनिक रूपांतर घडवितात. कार्बन मोनॉक्साइड तर साध्या कोळशातून जवळजवळ विनाअडथळा पार होतो.

याहून मोठा धोका निराळाच आहे. धुळीची गाळणी भरली की हवेचा प्रवाह मंदावतो. गाळणीच तशी सूचना देते. कोळशाची छिद्रे भरली तरी हवा पूर्ववत वाहतच राहते, मात्र आता विषासह! वायूला वास असेल तर निदान संशय येतो. नसेल तर तोही येत नाही. म्हणून कोळसा केव्हा बदलला याची नोंद, त्याच्या नमुन्याची तपासणी आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे मापन ही गाळणीइतकीच आवश्यक अंगे होत. वायूचा उगम रोखणे आणि वायुवीजन राखणे हे तर त्याही आधीचे कर्तव्य.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखाने वा प्रयोगशाळा सांभाळत असतील, त्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे: यंत्र चालू आहे म्हणजे हवा शुद्ध आहे, असे नव्हे. त्या हवेत दुसऱ्याचा श्वास चाललेला असतो.